भाजलेल्या बालकाची नवी त्वचा

मराठीत ‘भाजणे’ आणि ‘पोळणे’ असे दोन निराळे शब्द आहेत. ज्वालेने किंवा तापलेल्या कोरड्या वस्तूने होते ते भाजणे, व कढत पाणी, दूध, चहा किंवा वाफ यांमुळे होते ते पोळणे. नित्याच्या बोलण्यात हा भेद नेहमी पाळला जातोच असे नाही. परंतु बालकांच्या बाबतीत तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण पाय फुटलेल्या पण अद्याप भय न कळणाऱ्या वयातील मुलांना होणाऱ्या अशा इजांत पोळण्याचेच प्रमाण सर्वाधिक असते. ओट्याच्या कडेवरून ओढून घेतलेले पातेले, जमिनीवर निवत ठेवलेले दूध, स्नानासाठी काढलेले आधण ही कारणे देशोदेशी थोड्याफार फरकाने तीच आहेत. मुले मोठी होऊ लागली म्हणजे ज्वालेने भाजण्याचे प्रमाण वाढते. इजा कोणत्याही मार्गाने झालेली असो. ती खोल असली, तर वैद्यकशास्त्रापुढे अखेरीस एकच प्रश्न उभा राहतो. नष्ट झालेल्या त्वचेच्या जागी काय घालावयाचे? या प्रश्नाचा शोध दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्यातील काही निर्णायक प्रयोग बालकांवरील उपचारांतूनच घडले आहेत.

त्वचेची रचना आणि उष्णतेचा परिणाम

त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. शरीराच्या बहुतेक भागांवर तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाशी असलेल्या पेशी अखंड विभागत असतात. नव्या पेशी वर सरकत जातात, केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात, मरतात आणि कोंड्याच्या रूपाने झडून जातात. अशा रीतीने सुमारे एका महिन्यात बाह्यत्वचा नवी होते. तिच्याखाली अंतस्त्वचा असते. हा थर पुष्कळ जाड असून कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे या थरात असतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. केसांच्या मुळांभोवतीच्या पिशव्या आणि घामाच्या नलिका यांना आतून बाह्यत्वचेच्याच पेशींचे अस्तर असते. म्हणजे बाह्यत्वचा अंतस्त्वचेत ठिकठिकाणी खोल उतरलेली असते. म्हणून इजा उथळ असेल तर वरचा थर जळून गेला तरी या खोल जागी काही पेशी जिवंत राहतात. तेथून त्या पसरतात आणि दोन ते तीन आठवड्यांत जखम आपोआप भरून येते. परंतु संपूर्ण जाडीची त्वचा जळाली, तर जखमेच्या मध्यभागी एकही बीज उरत नाही. पेशी केवळ कडेने सरकत येऊ शकतात, आणि जखम मोठी असेल तर त्यांना पैलतीर गाठता येत नाही. अशा जखमेत मज्जातंतूही जळालेले असल्याने ती फारशी दुखत नाही. मूल रडत नाही म्हणून इजा किरकोळ समजण्याची चूक यामुळेच होते.

त्वचा किती खोल जळते, हे उष्णतेच्या मानाप्रमाणेच संपर्काच्या काळावर अवलंबून असते. १९४७ साली अमेरिकेतील मॉरिट्झ व हेन्रिकेस या संशोधकांनी याची पद्धतशीर मोजणी केली. ४४ अंश सेल्सिअस तापमानाला त्वचेला इजा होण्यास सुमारे ६ तास लागतात. ६० अंशांना अवघे ५ सेकंद पुरतात. ७० अंशांना एक सेकंदही पुरेसा होतो. हे आकडे प्रौढांच्या त्वचेचे आहेत. बालकाची त्वचा याहून पातळ असल्याने तिला आणखी कमी वेळ लागतो. शिवाय तापलेली वस्तू दूर झाली तरी आत शिरलेली उष्णता काही काळ आपले काम करीतच राहते.

या शेवटच्या गोष्टीमुळे वाहत्या पाण्याला उपचारात पहिले स्थान मिळाले आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील बालरुग्णालयात भाजल्या-पोळल्याबद्दल आणलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत ज्यांच्या जखमेवर २० मिनिटे साधे थंड पाणी वाहते ठेवले होते, त्या मुलांत त्वचारोपण करावे लागण्याचा संभव सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. पाणी नळाचे असावे, बर्फाचे नसावे. जखमेखेरीज उरलेले अंग पांघरुणाने उबदार ठेवावे. कारण तान्ही मुले चटकन गारठतात. जखमेवर दंतमंजन, शाई, तेल किंवा हळद लावण्याने उष्णता बाहेर पडत नाही, आणि जखम किती खोल आहे हे मात्र डॉक्टरांना दिसेनासे होते.

पहिले चोवीस तास

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. प्रौढ माणसाचे डोके त्याच्या पृष्ठभागाच्या ७ टक्के भरते. नवजात अर्भकाचे डोके १९ टक्के. उलट अर्भकाचे पाय प्रमाणाने आखूड असतात. किती टक्के अंग भाजले हे ठरविण्यासाठी प्रौढांकरिता केलेले कोष्टक बालकास लावले तर डोक्यावर कढत चहा सांडलेल्या मुलाची इजा कागदावर निम्म्याहूनही कमी दिसेल. १९४४ साली बॉस्टन येथील लंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी वयानुसार बदलणारे कोष्टक प्रसिद्ध केले, आणि बालरुग्णालयांतून आजही तेच वापरले जाते. कोष्टक हाताशी नसेल तर रुग्णाच्या स्वतःच्या हाताचा पंजा बोटांसह अंदाजे एक टक्का धरतात. पंजा अर्थात मुलाचा, मोजणाऱ्याचा नव्हे.

ही टक्केवारी इतक्या काटेकोरपणे काढावयाची ती पाण्याच्या हिशेबासाठी. भाजलेला रुग्ण जळालेल्या त्वचेतून निर्माण होणाऱ्या कसल्याशा विषाने मरतो, अशी समजूत एके काळी प्रचलित होती. नोव्हेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन गावी रिआल्टो नाट्यगृहास आग लागली. तेथील रुग्णांच्या फोडांतील पाणी फ्रँक अंडरहिल यांनी तपासले, तेव्हा ते जवळजवळ रक्तद्रवासारखेच आढळले. भाजल्यावर केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातील द्रव ऊतकांत उतरतो, रक्त दाटते आणि अभिसरण मंदावते. रुग्णाचा घात पहिल्या दिवसात होतो तो बव्हंशी या द्रवनाशाने.

बालकाच्या वाट्याला हा धोका अधिक येतो. १० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचा पृष्ठभाग सुमारे अर्धा चौरस मीटर असतो. ७० किलोग्रॅमच्या माणसाचा सुमारे १.८ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक किलोग्रॅममागे मुलाला जवळजवळ दुप्पट त्वचा असते, व गळतीची जागाही तितकीच मोठी. १९६८ साली अमेरिकेतील डॅलस येथील पार्कलंड रुग्णालयातून चार्ल्स बॅक्स्टर यांनी एक सूत्र मांडले. वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे, भाजलेल्या प्रत्येक टक्क्यास ४ मिलिलिटर लवणद्रव चोवीस तासांत शिरेवाटे द्यावा, आणि त्यातील निम्मा इजेपासूनच्या पहिल्या आठ तासांत. मुलाचे वजन १० किलोग्रॅम असून २० टक्के अंग पोळले असेल तर हा हिशेब ८०० मिलिलिटर होतो. त्या मुलाच्या शरीरातील एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते. शिवाय मुलाची दिवसाची नित्य गरज भागविण्यास सुमारे एक लिटर वेगळे द्यावे लागते. सूत्रातील प्रमाण निरनिराळ्या रुग्णालयांत कमी-अधिक घेतात, आणि खरा दाखला लघवीच्या मापावरून मिळतो. तरीही एका गोष्टीविषयी दुमत नाही. अंगाचा दहावा हिस्सा भाजलेल्या मुलास तोंडाने पाणी पाजून घरी ठेवणे धोक्याचे आहे.

परक्याची त्वचा

द्रवाचा हिशेब साधला म्हणजे मूल पहिला दिवस पार करते. मग उघड्या जखमेचा प्रश्न येतो. उघड्या जखमेतून पाणी व उष्णता सतत बाहेर जाते आणि जंतू आत येतात. ती झाकणे हाच उपाय. १८६९ साली पॅरिसमध्ये जॅक रेव्हर्डँ यांनी रुग्णाच्या निरोगी भागावरील त्वचेचे बारीक कण उचलून जखमेवर ठेवले, ते रुजले, आणि त्वचारोपणाच्या आधुनिक पद्धतीस आरंभ झाला. पुढे बाह्यत्वचेसह अंतस्त्वचेचा थोडासा भाग तासून घेण्याची रीत रूढ झाली. ज्या जागेवरून अशी त्वचा घेतली जाते ती जागा उथळ इजेप्रमाणे दोन आठवड्यांत भरून येते. १९६४ पासून या पट्टीला यंत्राने चिरा पाडून तिची जाळी करण्याचे तंत्र आले, व एका पट्टीत तिच्या कित्येक पट जागा झाकता येऊ लागली. परंतु ज्याच्या अंगावर निरोगी त्वचाच फारशी उरलेली नाही, त्याची पट्टी काढावयाची कोठून?

आई, बाप किंवा भावंडे आपली त्वचा देण्यास नेहमीच पुढे येतात. ती का चालत नाही, याचे उत्तर स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील रॉयल इन्फर्मरीत भाजलेल्यांसाठी संशोधन-विभाग उघडण्यात आला. शल्यवैद्य टॉमस गिब्सन व प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी तेथे भाजलेल्या एका तरुण स्त्रीच्या जखमेवर तिच्या स्वतःच्या त्वचेचे सुमारे पन्नास तुकडे लावले, आणि जवळच तिच्या भावाच्या त्वचेचे तितकेच. प्रारंभी दोन्ही रुजले. काही दिवसांनी भावाचे तुकडे सुजले, त्यांत रक्तातील पांढऱ्या पेशींची दाटी झाली आणि ते नाश पावले. पंधरवड्याने भावाच्याच त्वचेचे दुसऱ्यांदा तुकडे लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षाही लवकर नष्ट झाले. मेडावार यांनी या दुसऱ्या फेरीचे मर्म ओळखले. शरीर परकी त्वचा नाकारते ते रोगजंतूंना नाकारते त्याच यंत्रणेने, आणि एकदा ओळख पटली की ती विसरत नाही. १९४३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेडावार यांनी पुढे या विषयात केलेल्या कार्याबद्दल त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह मिळाले. केवळ एकबीज जुळ्या भावंडांची त्वचा परस्परांस कायमची चालते.

ज्यांनी हा ग्लासगोचा विभाग चालविला ते लेनर्ड कोलब्रुक यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांनी पुढे बर्मिंगहॅम येथे काम करताना जखमेतील जंतुसंसर्ग रोखण्याच्या पद्धती बसविल्या. पण रुग्णालयात येणारी पुष्कळशी मुले उघड्या शेगडीजवळ कपडे पेटून भाजलेली असतात, हे पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी चालविलेल्या खटपटीचे फळ म्हणून १९५२ साली ब्रिटनमध्ये घरगुती शेगड्यांना संरक्षक जाळी बसविणे कायद्याने आवश्यक ठरले. जंतुशास्त्रज्ञाच्या कार्याच्या यादीत हा कायदा कोणी सहसा मोजत नाही. वास्तविक तो मोजावयास हवा.

उसने आच्छादन

परक्याची त्वचा टिकत नाही. पण ती दोन-तीन आठवडे तरी टिकते, आणि तेवढ्या काळात पुष्कळ काही साधते. पाणी व उष्णता आत राहते, वेदना कमी होते, जंतू थोपतात, आणि स्वतःची त्वचा घेतलेल्या जागा पुन्हा भरून येण्यास अवधी मिळतो. यासाठी मृत दात्यांची त्वचा जपून ठेवणाऱ्या त्वचापेढ्या निर्माण झाल्या. भारतातील अशी पहिली पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या प्रयत्नाने सुरू झाली. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत मांड्या, पोटऱ्या व पाठ यांवरून त्वचेचा पातळ थर घेतात आणि ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ अंश तापमानाला ठेवतात. अशी त्वचा काही वर्षे वापरण्याजोगी राहते. दाता व रुग्ण यांचा रक्तगट जुळावा लागत नाही.

जेथे पेढी नाही तेथे काय? या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईतच, परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात शोधले गेले, आणि ते फार सुंदर आहे. डॉ. केसवानी व त्यांचे सहकारी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीच्या पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून, मुलांच्या जखमांवर वापरल्या. त्यांचा पहिला वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध झाला. १९९० साली त्यांनी अधिक काटेकोर परीक्षा केली. एकाच रुग्णाच्या दोन सारख्या जखमांपैकी एकीवर साधी जाळी व दुसरीवर साल लावली, आणि दोन्ही ठिकाणचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जाळीखालची जखम सुकून तिच्या वरच्या पेशी मेल्या होत्या. सालीखालची ओलसर राहून तिच्यावर नवी बाह्यत्वचा लवकर आली होती. जंतू मात्र दोन्हीकडे सारखेच होते. म्हणजे साल औषध नव्हे. बटाट्याच्या सालीत बुचासारखा एक थर असतो, तो पाणी उडू देत नाही, आणि एवढेच तिचे काम. आपल्या उपायाचा गुण नेमका कोणता आणि कोणता नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे संशोधन विरळा. घरी कच्ची साल जखमेवर बांधण्यास मात्र या प्रयोगाचा आधार घेता येत नाही. ती साल निर्जंतुक केलेली नसते.

ही सर्व आच्छादने उसनी आहेत. कायमची त्वचा रुग्णाची स्वतःचीच हवी. ती अंगावर शिल्लक नसेल तर शरीराबाहेर वाढविता येईल काय?

काचपात्रात वाढलेली त्वचा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड हे भाजण्याच्या उपचारावर काम करीत नव्हते. ते उंदराच्या एका विशिष्ट अर्बुदातील पेशी काचपात्रात वाढवीत होते. त्या पेशींच्या गर्दीत त्यांना बाह्यत्वचेसारख्या पेशींची बेटे वाढताना दिसली, आणि ही बेटे का जगली याचा त्यांनी माग काढला. बाह्यत्वचेच्या पेशी एकट्या ठेवल्या तर वाढत नाहीत. त्यांना अंतस्त्वचेतील पेशींसारख्या शेजाऱ्यांची सोबत लागते. ग्रीन यांच्यापाशी उंदराच्या अशा पेशींचा एक वंश तयारच होता. त्या पेशींना किरणोत्साराने विभाजनास असमर्थ करून तळाशी पसरले, म्हणजे त्या स्वतः वाढत नाहीत. पण वर टाकलेल्या मानवी पेशींचे पोषण करतात. १९७५ साली ही रीत प्रसिद्ध झाली.

पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. त्यांतील एक भारतीय वाचकास विशेष वाटेल. पटकीच्या जंतूंचे विष पोषक द्रवात अत्यल्प प्रमाणात घातले असता बाह्यत्वचेच्या पेशी जोमाने वाढतात, असे ग्रीन यांना १९७८ साली आढळले. पटकीचा जंतू असे स्वतंत्र विष स्रवतो हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले होते. बालकांचे प्राण घेणारा पदार्थ अशा रीतीने बालकांची त्वचा वाढविण्याच्या कामी आला.

पेशी वाढत वाढत परस्परांस भिडल्या म्हणजे काही पेशी जाडीचा अखंड पापुद्रा तयार होतो. एका किण्वाच्या साहाय्याने तो पात्राच्या तळापासून अलगद सुटतो, आणि मग व्हॅसलीनच्या जाळीवर उचलून जखमेवर ठेवता येतो. तीन चौरस सेंटिमीटर त्वचेपासून तीन ते चार आठवड्यांत प्रौढ माणसाचे सारे अंग झाकण्याइतके पापुद्रे मिळू शकतात.

या रीतीची खरी कसोटी १९८३ साली लागली. अमेरिकेतील पाच व सहा वर्षांचे दोन भाऊ पेटलेल्या विद्रावकाने भाजले. दोघांच्याही अंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजला होता, आणि त्यातील बहुतेक भागावरील त्वचा संपूर्ण जाडीने गेली होती. तोवर अशी मुले वाचत नसत. त्यांना बॉस्टनच्या श्रायनर्स बालरुग्णालयात आणले. काखेसारख्या ज्या थोड्या जागा वाचल्या होत्या तेथून त्वचेचे लहान तुकडे घेऊन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत संवर्धनास ठेवले. दरम्यान शल्यवैद्यांनी जळालेला भाग टप्प्याटप्प्याने काढून जखमा मृत दात्यांच्या त्वचेने झाकल्या. नंतर पापुद्रे लावण्यास आरंभ झाला. अखेर प्रत्येक मुलाच्या शरीराच्या सुमारे निम्म्या पृष्ठभागावर काचपात्रात वाढलेली बाह्यत्वचा कायमची रुजली, आणि दोघेही जगले. १९८४ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

परंतु या यशाची मर्यादाही लवकरच कळून आली. पापुद्रा हा केवळ बाह्यत्वचेचा. त्याला जंतुसंसर्ग सोसत नाही. रुजल्यावरही महिनोन्‌महिने थोड्या घर्षणाने त्यावर फोड येतात. कारण बाह्यत्वचेला खालच्या थराशी जखडून ठेवणारे सूक्ष्म तंतू तयार व्हावे लागतात. बॉस्टनच्या मुलांच्या नव्या त्वचेचे नमुने पुढे पाच वर्षांपर्यंत तपासले गेले, तेव्हा हे तंतू पक्के होण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो असे दिसले. घर्मग्रंथी व केस मात्र मुळीच आले नाहीत. मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. अंतस्त्वचेच्या जागी तयार झालेला वण हाडांबरोबर वाढत नाही. मूल उंच होते, वण तेवढाच राहतो, आणि मान, काख, कोपर, बोटे ओढली जातात. म्हणून भाजलेल्या मुलाला वाढ पुरी होईपर्यंत पुनःपुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते.

अंतस्त्वचेची उणीव भरून काढण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न शल्यवैद्य जॉन बर्क आणि अभियंता योआनिस यानास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. गुरांच्या कोलॅजेनपासून केलेल्या सच्छिद्र जाळीवर त्यांनी सिलिकोनचा पातळ पडदा बसविला. जाळीच्या छिद्रांत रुग्णाच्या पेशी व रक्तवाहिन्या शिरतात, हळूहळू जाळी विरते आणि तिच्या जागी अंतस्त्वचेसारखा थर उरतो. मग पडदा काढून वर रुग्णाची अगदी पातळ त्वचा लावतात.

जन्मतःच सैल त्वचा

काही बालकांची त्वचा न भाजताच भाजल्यासारखी सोलून निघते. एपिडर्मोलिसिस बुलोसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारांत दोन थरांना जखडणारे एखादे प्रथिन सदोष असते किंवा नसतेच. कपड्याच्या शिवणीचा घास लागला तरी फोड येतो. पाश्चात्त्य देशांत या बालकांच्या त्वचेला फुलपाखराच्या पंखाची उपमा देतात. ग्रीन यांच्या पापुद्र्यांना जी जखडण काही महिने नसे, ती या मुलांना जन्मभर नसते. साहजिकच संशोधकांच्या मनात आले की, अशा मुलाच्या पेशी काचपात्रात वाढवितानाच त्यांतील सदोष जनुकाच्या जोडीला निर्दोष जनुक घालता येईल.

इटलीतील मोदेना येथील मिकेले दे लुका व ग्रात्सिएल्ला पेलेग्रिनी यांनी २००६ साली एका प्रौढ रुग्णाच्या पायांवरील लहान भागापुरता असा यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केला होता. २०१५ च्या जूनमध्ये जर्मनीतील बोखुम येथील रुग्णालयात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. जंतुसंसर्ग होऊन त्याच्या अंगावरील बहुतांश बाह्यत्वचा गेली होती. ज्ञात उपाय थकले. वडिलांची त्वचा लावून पाहिली; मेडावार यांच्या निष्कर्षाप्रमाणे तीही टिकली नाही. तेव्हा आईवडिलांच्या संमतीने शेवटचा मार्ग म्हणून मोदेनास विचारणा झाली. मुलाच्या जांघेजवळील फोड नसलेल्या भागातून चार चौरस सेंटिमीटर त्वचा घेतली. तिच्यातील पेशींत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून, लॅमिनिन प्रथिनाच्या एका भागाचे जनुक पोहोचविले. त्या पेशींपासून एकूण ०.८५ चौरस मीटर पापुद्रे तयार झाले. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०१५ आणि जानेवारी २०१६ अशा तीन शस्त्रक्रियांत मुलाच्या अंगाचा सुमारे ८० टक्के भाग त्यांनी झाकला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुलगा घरी गेला. पुढे त्याचे शाळेत जाणे व खेळणे सुरू झाले, आणि पाच वर्षांनंतरच्या तपासणीतही ती त्वचा टिकून असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

या उपचाराने एका जुन्या प्रश्नाचा निकालही लावला. १९८७ साली यान बारांदाँ व ग्रीन यांनी दाखविले होते की, काचपात्रातील सर्व पेशींचे सामर्थ्य सारखे नसते. थोड्याच पेशी दीर्घकाळ विभागतात, इतर लवकर थकतात. मग माणसाच्या अंगावरील बाह्यत्वचा कोण सांभाळते? सर्व पेशी थोडे थोडे, की मूठभर मूलपेशी? बोखुमच्या मुलात याचे उत्तर शोधणे शक्य झाले. कारण विषाणूच्या वाहनाने आपले जनुक प्रत्येक पेशीत निराळ्या जागी खोचले होते. ती जागा म्हणजे त्या पेशीच्या वंशाची खूणच. वेळोवेळी घेतलेल्या नमुन्यांत या खुणांची संख्या झपाट्याने घटत गेली. प्रारंभीचे बहुतेक वंश महिन्यांच्या आत संपले, आणि थोड्या दीर्घायुषी पेशींची संततीच सारे अंग झाकून राहिली. पापुद्रा रुजला की नाही, एवढेच पाहून भागत नाही. त्यात या मूलपेशी पुरेशा आहेत की नाहीत यावर त्याचे आयुष्य ठरते. भाजलेल्या मुलांसाठी पापुद्रे बनविणाऱ्यांनाही हीच कसोटी लागू आहे.

त्यानंतर या विकाराच्या दुसऱ्या एका प्रकारासाठी जखमेवर लावण्याचे जनुकयुक्त मलम २०२३ साली, व जनुक दुरुस्त केलेले पापुद्रे २०२५ साली अमेरिकेत मान्य झाले. दोन्ही अतिशय महाग आहेत.

भाजलेल्या बालकाची गरज मात्र अधिक मोठी आहे. बोखुमच्या मुलाची अंतस्त्वचा शाबूत होती. जखडण तेवढी नव्हती. भाजलेल्या मुलाला दोन्ही थर हवेत. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील बालरुग्णालयात रुग्णाच्या स्वतःच्या दोन्ही थरांतील पेशी कोलॅजेनच्या जेलीत वाढवून दुहेरी त्वचा बनविण्यात आली. १० मुलांवर केलेल्या तिच्या पहिल्या परीक्षेचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलावर सुमारे ७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एकच तुकडा लावला होता. कारण आधी ती निर्धोक आहे की नाही हे पाहावयाचे होते. या त्वचेतही घर्मग्रंथी नाहीत. त्या काचपात्रात घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. उष्ण देशातील मुलाला त्यांची उणीव उन्हाळ्यात फार जाणवते, कारण घाम न येणाऱ्या भागातून शरीराची उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. शिवाय असा तुकडा तयार होण्यास अनेक आठवडे लागतात, आणि तेवढा काळ मुलाची जखम दुसऱ्या कोणाच्या तरी त्वचेनेच झाकून ठेवावी लागते.